राजीनामा घ्याचा नसते!

...नाही, म्हंजे तुमी बी मलेच हासून राह्यले? हासा बाप्पा, हासा! सारा वाशीम तालुका हासून राह्यला, तुमीच कायले मांगं राह्यता! पन हासाच्या आंधी मले एक गोष्ट समजावून सांगा. पंगतीत आपन 'पुरे, पुरे, आता एक घास जात नाही' म्हनतो का नाही? पानावर हात आडवा धरतो का नाही? मंग वाढनारा काय बुंदीची परात घेऊन वापस जाते? तो म्हनते, 'घ्या हो मामा, दोन घास', अन् आपल्या बोटायच्या फटीतून बुंदी सोडते! याले म्हनतात रीत! पानावर हात धरला म्हनून कोनी समोरचं पानच उचलून नेलं, असं आइकलं तुमी कधी? माह्यं नेलं. भर बैठकीत नेलं. अन् वरतून मले म्हने, 'आराम करा दादा'. आराम! तुमाले सांगतो, राजीनामा हा द्याचा असते, घ्याचा नसते!

तर मी उकंडराव. जनहित पक्षाचा वाशीम तालुका अध्यक्ष... होतो. 'होतो' म्हना लागते आता, तोंडाले वळन नाही पडलं अजून. पंचावन सालापासून धरा, सतरा वर्सं मी अध्यक्ष. आमचा पक्ष इरोधी पक्ष, हे येगळं सांगाची गरज नाही, निकालाचा कागद पाह्यला का लहान लेकरालेबी समजते. सतरा वर्सात आमी किती जिंकलो हे इचारू नोका, तो इषय येगळा हाये. पन कुठं हारलो, कसे हारलो, किती मतानं हारलो, हे मले झोपीतून उठवून इचारा! अन् दर हारीच्या नंतर मी राजीनामा देल्ला. दर खेपेले! सत्तावन साली देल्ला, बासष्टमंधी दोनदा, सदुसष्टमंधी दोनदा, अन् यंदा बहात्तरच्या मार्चमंधी आमदारकी हारलो तवा एक. सहा राजीनामे! हाये का कोन्या पुढाऱ्यापाशी इतकी नैतिकता? अन् साहीच्या साही नामंजूर झाले. एकमतानं. टाळ्यायच्या कडकडाटात.

तुमी म्हनसान, उकंडराव, त्या अध्यक्षपदात असं होतं काय? ना पगार, ना गाडी. अहो, काय होतं म्हंजे! मी एस.टी.त चढलो का कंडक्टर वरडे, 'ओ बाबा, सरका, अध्यक्षसाहेबायले बसू द्या.' तहसिलीत गेलो का बाबू खुर्ची वढे. काम करत नसे, पन खुर्ची वढे! कोनाचं लगीन असलं का मंगलाष्टकं झाल्यावर लाऊडस्पीकरवर माह्यं नाव घेत, अन् मी नवरानवरीले दोन शब्द सांगे, म्हंजे अर्धा घंटा. दुसरं काय हाये हो माह्यापाशी? वावर धाकटा भाऊ पाह्यते, घर विमल पाह्यते, मले पाह्याले तेवढा पक्षच होता. ते खुर्ची गेली तं मी सकाळी उठून टोपी घालून जाऊ कुठं, हे सांगा.

म्हनून तं त्या राजीनाम्याची आमी पद्धत बसवली होती न! एकदम पक्की. हार झाली का आठ दिसात चिंतन बैठक. बैठक शिखरचंदजीच्या कापडदुकानाच्या माडीवर, कारन शिखरचंदजी आमचे खजिनदार, अन् माडी त्यायचीच. अकोल्यावरून जिल्ह्याचा निरीक्षक येते. मंग मी उभा राह्यतो. डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवतो. आवाज भरून आनतो. 'मित्रहो, या पराभवाची नैतिक जबाबदारी सर्वस्वी माझी...' तिथं मी शुद्धच बोलतो, राजीनामा वऱ्हाडीत देल्ला तं त्याले वजन येत नाही. मंग आमचा सरचिटनीस इंद्रभान उठते अन् रडते. रडते म्हंजे, त्याच्यावानी रडनारा अकोला जिल्ह्यात नाही! त्यानं रडनं आटपलं का मनातल्या मनात तीन आकडे मोजाचे, एक, दोन, तीन, अन् मांगच्या भितीपासून ग्यानबा खनखनीत आवाजात वरडते, 'नामंजूर!' ग्यानबाचं पक्षात काम एवढंच. सतरंजी टाकनं, भोंगा बांधनं, अन् नामंजूर वरडनं. बास, मंग टाळ्या, मंग मी टोपी घालतो, मंग भजे. सतरा वर्सात भजे थंडे झाले नाही कधी, इतकी येळ पाळून काम चाले आमचं.

आता या खेपेचं आइका. पंचायत समितीची निवडनूक लागली. आमी आठ जागा लढवल्या. सात गेल्या. अशा गेल्या का मोजनारा मास्तर आमच्या पेटीचे कागद एका हातानंच मोजे! मी सोता रिठदले उभा होतो, मले एक्केचाळीस मतं पडली. एक्केचाळीस! अहो, रिठद माही सासरवाडी हाये, नुसते सासऱ्याच्या घरचे मतदारच बावन हायेत! घरी येऊन विमलले म्हटलं, तुह्या माहेरचे अकरा जन फितूर झाले. तं ते म्हनते कशी, 'अकरा कशानं म्हनता? बाकीच्या एक्केचाळीसमंधी त्यायचंच मत हाये हे कोनं सांगतलं तुमाले?'

राह्यली आठवी जागा. अनसिंग. थे आमी जिंकलो. हो! जिंकलो! अन् सारा घोटाळा तिथूनच सुरू झाला. हारलो असतो तं कायले ही पाळी येती माह्यावर!

तिथं आमाले उमेदवारच सापडत नव्हता. फारम भराचा शेवटला दिवस, दोन वाजले, तीनले खिडकी बंद. तवा तिथं तहसिलीच्या आवारात केशरबाई दिसली. अनसिंगच्याच बौद्ध वस्तीतली, नवरा जगदेव शाळेत शिपाई, दीडदोन एकर वावर, बाकी दुसऱ्याच्या वावरात निंदन-येचनी करते. वस्तीच्या रस्त्याचा अर्ज घेऊन आल्ती, तिसऱ्यांदा. इंद्रभान म्हने, 'दादा, बाईले उभं करू, कोनी नाही त्याच्यापक्षा बरं.' म्या म्हटलं, 'केशरबाई, निवडनुकीचा फारम भरता का?' ते म्हने, 'भरून काय होईन?' म्या म्हटलं, 'काही होत नाही.' आता हे मात्र मी सतरा वर्साच्या अनुभवानं अगदी खरं सांगतलं होतं! तं ते म्हने, 'काहीच होत नसन तं मंग भेवाचं कायले? द्या.' अन् केली न सही. मोठ्या, गोल अक्षरात, पूर्न नाव.

मंग ते बाई काय करते, तं घरोघर जाते! सभा नाही, भोंगा नाही, पत्रक नाही. सकाळी येचनीले जाताना दहा घरं, सांजच्या पाराले येताना दहा घरं. पाटलाच्या घरी बी गेली अन् लमानायच्या तांड्यावर बी गेली. म्या निरोप धाडला, 'बाई, असं नसते करत, नुसतं घरोघर जाऊन मतं भेटत नाही, विचार मांडा लागते, मी येतो सभेले.' निघालो बी होतो. शिखरचंदजीची जीप घेतली, भाषन लिहून घेतलं, दीड घंट्याचं. तं अर्ध्या वाटीत जीपचं चाक पंक्चर! एक काढलं, दुसरं लावलं, तं थे बी पंक्चर! आमी रस्त्याच्या कडीले लिंबाखाली बसलो अन् वापस आलो. सभा झालीच नाही. निकालाच्या दिशी केशरबाई चारशे सदुसष्ट मतानं निवडून आली. चारशे सदुसष्ट! इतकी मतं तं आमच्या बाकी सातजनायले मिळून बी नव्हती!

बरं, मी काही वाईट वाटून घेतलं नाही. उलट गुलाल उधळला. सगळ्यायले सांगतलं, अनसिंगात पक्षाचा विचार जिंकला, नेतृत्वावरचा विश्वास जिंकला! आता नेतृत्व कोन? मीच. म्हंजे कोन जिंकलं? मनात म्हटलं, या खेपेचा राजीनामा तं असा नामंजूर होईन का बोलूच नोका. मले का मालूम! अहो, राजीनामा द्याचा असते, घ्याचा नसते, हे आमच्या पक्षात सगळ्यायले समजे, पन सगळ्यायले म्हंजे जुन्यायले! नव्याले कोन सांगनार? नवं कोनी निवडून येईन असं वाटलं होतं का कोनाले?

तर बैठक. शिखरचंदजीची माडी. निरीक्षक अकोल्यावरून दौलतसिंगजी, बारका मानूस, नाकावर चष्मा, हातात छापील अहवाल, अन् दर दहा मिंटानं घड्याळ पाह्याचं, कारन साडेचारची अकोला गाडी पकडाची. केशरबाई आली. धुवट पातळ, डोक्यावर पदर. आल्याआल्या सगळ्यायले 'जयभीम' केला, अन् कुठं बसली? सामोरच्या रांगीत! पहिल्या गादीवर! आमच्यातले दोघंचौघं एकमेकाकडं पाहू लागले. पन बोलता कसं? साऱ्या माडीवर निवडून आलेली तेवढी तेच एक होती.

पहिलं पराभवाची कारनं. म्या सांगतली. लोकाचं अज्ञान, सत्तेचा दुरुपयोग, अन् ऐन टायमावर उन्ह. सतरा वर्सं तेच कारनं हायेत, दौलतसिंगजीले बी पाठ हायेत. पन या खेपेले त्यायनं नवाच सवाल काढला. चष्म्यावरून पाहून म्हने, 'उकंडराव, तुमच्या सभा किती जागांवर झाल्या?' म्या छाती फुगवून म्हटलं, 'सात!' 'कोणत्या कोणत्या?' म्या सातही नावं घेतली. 'आणि अनसिंगला?' म्या म्हटलं, 'तिथं... नाही झाली.' त्यायनं 'हं' केलं, अन् काहीतरी लिहिलं. काय लिहिलं हे मले दिसलं नाही, पन लिहिल्यावर खाली दोन रेघा ओढल्या ते दिसलं.

आता म्हटलं राजीनामा काढा लवकर. उभा राह्यलो. टोपी काढली, टेबलावर ठेवली. 'मित्रहो! या पराभवाची नैतिक जबाबदारी सर्वस्वी माझी आहे. हे पद माझ्यासाठी काटेरी मुकुट होता. आता या थकल्या खांद्यांना हा भार पेलवत नाही. मला मुक्त करा, मित्रहो, मला मुक्त करा!' बसलो. डोये पुसले. लय चांगलं झालं होतं, मलेच भरून आलं होतं.

इंद्रभान उठला. या खेपेले त्यानं कमालच केली! 'दादाऽऽ!' असा हंबरडा फोडला का खाली दुकानात कापड घेनाऱ्या बाया वर पाहू लागल्या. 'काय पाह्यलं दादानं सुखाचं? सतरा वर्सं घरचं ताट पाह्यलं नाही! दादाचे गुडघे पाहा, उभं राह्यताना आवाज येते कटकट! रात-रात झोप नाही! वहिनी दाराकडं डोये लावून बसते! आपन या देवमानसाच्या रक्ताचं पानी केलं, आपन पापी हावो!' आता, गुडघ्याचा आवाज येते हे खरं. पन ताटाचं म्हनसान तं मी सकाळी अकराच्या ठोक्याले जेवाले बसतो, सतरा वर्सात एक मिनिट इकडचं तिकडं नाही. अन् झोप मले गादीले पाठ लागाच्या आंधी येते. पन थे राजीनाम्याचं रडनं हाये, त्यात असंच बोला लागते! इंद्रभाननं नाक शिंकरलं, खाली बसला. म्या मनात मोजलं. एक... दोन...

अन् 'दोन'वर केशरबाई उठली! डोयाले पदर. खरं रडून राह्यली होती हो ते! डोये लाल, आवाज कापून राह्यला. म्हने, 'मी नवी हाव, मले काही मालूम नव्हतं. दादाचे इतके हाल होऊन राह्यले, अन् तुमी सगळे पाहून राह्यले? मानूस हात जोडून सोडा म्हनते, तरी तुमी सोडत नाही? सतरा वर्सं? आमी वावरातला बैल बी सांजच्या पाराले सोडतो. सोडा न या मानसाले!'

सारी माडी चूप. अन् ग्यानबा! ग्यानबाले आमी शिकवलंच तसं होतं, सारे चूप झाले का वरडाचं. तो वरडला. 'नामंजूर!'

केशरबाई गरकन फिरली. 'काहून नामंजूर, ग्यानबाभाऊ? काय पाप केलं त्यायनं तुमचं? त्यायच्या घरी लेकरंबाळं नाहीत का? तुमी सांगा मले, काहून नामंजूर?' ग्यानबानं माह्याकडं पाह्यलं. म्या त्याच्याकडं पाह्यलं. त्याले पुढचं वाक्य कोनी शिकवलंच नव्हतं! सतरा वर्सात पुढच्या वाक्याचं काम पडलं नव्हतं! तो खाली बसला. वरतून म्हनते कसा, 'बाईचं बी बरोबर हाये म्हना.' अरे! बरोबर हाये? सतरा वर्सं भजे खाल्ले माह्या राजीनाम्याचे!

म्या सावरलं. म्या म्हटलं, 'नाही, केशरबाई, म्हंजे तसं नाही, जर कार्यकर्त्यांची इच्छाच असेल, तर मी... जड अंतःकरणानं...' तं ते माह्याजवळ आली. टेबलावरची टोपी उचलली, पदरानं झटकली, अन् माह्या हातात देल्ली. म्हने, 'आमची फिकीर नोका करू दादा. आमी पाहून घेऊ पक्षाचं. तुमी घरी जा, येळेवर जेवा, आराम करा. अन् टोपी घालून जा, उन्ह लय हाये.' काय म्हनाचं याले? शिवी देल्ली असती तं उलटून बोललो असतो. दगा केला असता तं फळी फोडली असती. या बाईनं माह्यावर दया केली हो! राजकारनात दयेवर इलाज नाही.

तरी मी हारलो नव्हतो. म्या दौलतसिंगजीकडं पाह्यलं. म्या म्हटलं, 'निरीक्षकसाहेब, वाद झाला हाये. ठरावावर वाद झाला तर घटना काय म्हनते, पाहा.' दौलतसिंगजीनं घड्याळ पाह्यलं, पिशवीतून पक्षाच्या घटनेचं पुस्तक काढलं, अन् वाचलं, 'कलम चौदा. तालुका अध्यक्षाच्या राजीनाम्याबाबत मतभेद झाल्यास, तालुक्यातील निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींचे बहुमत अंतिम राहील.'

आता हे कलम कोन्या गाढवानं घातलं, मालूम हाये? म्या! मीच घातलं होतं, त्रेसष्ट साली, जिल्ह्याच्या अधिवेशनात, टेबल आपटून! तवा या इंद्रभानचा माह्या खुर्चीवर डोया होता. म्या इचार केला, तालुक्यात आपला निवडून आलेला मानूसच नाही, होनार बी नाही, मंग बहुमत कोन करीन? बहुमत नाही तं निकाल नाही, निकाल नाही तं उकंडराव खुर्चीवर! काय डोस्कं चाललं होतं त्या दिशी, लोकायनं खांद्यावर उचललं होतं मले! पन या खेपेले एक निवडून आलेली सामोरच बसली हाये, हे घटना काढाच्या गडबडीत मले आठवलंच नाही!

'निवडून आलेल्यांनी हात वर करावा,' दौलतसिंगजी म्हने, 'मंजुरीच्या बाजूनं?' केशरबाईनं हात वर केला. हातात हिरव्या बांगड्या. 'एक. विरुद्ध?' म्या हात वर केला! काय करता, गेला वर आपोआप. 'आपण निवडून आलेले आहात?' म्या म्हटलं, 'रिठदले उभा होतो.' 'उभे होतात. हात खाली घ्या.' अन् लिहिलं न त्यायनं, 'एक विरुद्ध शून्य. बहुमतानं मंजूर.' सतरा वर्सं त्या कागदावर 'मंजूर'च्या आंधी 'ना' छापल्यावानी पडे, या खेपेले तेवढीच दोन बोटं जागा कोरी राह्यली. राजीनामा द्याचा असते हो, घ्याचा नसते! पन आइकते कोन? गाडीची येळ झाल्ती.

मंग प्रश्न आला, नवा अध्यक्ष कोन. अन् इथं तुमाले सांगतो, माह्या जिवाले जरासा थंडावा भेटला. केशरबाईले इचारलं, तं ते म्हने, 'मले नोको, मले पंचायत समितीचं काम समजून घ्याचं हाये.' खरंच नोको होतं तिले. सगळे इंद्रभानकडं पाहू लागले. इंद्रभानचा चेहरा असा फुलला होता! नऊ वर्सं वाट पाह्यली न बिचाऱ्यानं! पन लगेच 'हो' म्हननं बरं दिसते का? त्यानं दोन्ही हात जोडले, मान वाकडी केली, 'छे, छे! मी कुठला अध्यक्ष! मी तं दादाच्या पायाची धूळ. माही तेवढी लायकी नाही.' अन् थांबला, कोनी आग्रह करीन म्हनून. केशरबाई म्हने, 'बरं बरं इंद्रभानभाऊ, नसन जमत तं राहू द्या. तुमच्यावर जबरदस्ती नाही. लिहा साहेब, हे नाही म्हनते.' इंद्रभानचं तोंड पाह्यासारखं झालं! नंतर बोलाले गेला, 'नाही, तसा पक्षाचा आदेश असला तं...' तं ते म्हने, 'आता एकाले सोडलं, दुसऱ्याले कायले अटकवाचं?'

मंग शिखरचंदजी. ते गादीवर सरकून बसले, गळ्यातलं उपरनं नीट केलं, 'अरे बाई, अपनेको पद का क्या लोभ! आपन दुकानदार मानूस, सेवा करनेवाले. कोई दुसरा देखो.' केशरबाई म्हने, 'खरं हाये शेठजी, दुकान कोन पाहीन?' झालं! शिखरचंदजी बी गेले! मंग धरमसिंग उठला, आमचा उपाध्यक्ष, तो म्हने, 'माह्यापक्षा लायक मानसं पक्षात हायेत.' तिनं इचारलं, 'कोन?' आता कोन सांगनार हो? तो बी बसला. सारे जन पानावर हात धरून बसले अन् वाढनारी पुढं पुढं चालली! चार वाजून दहा मिंटं. दौलतसिंगजी पेन झटकून राह्यले. 'लवकर बोला, कोण तयार आहे?'

मांगच्या भितीपासून आवाज आला, 'मले चालते.'

ग्यानबा! ज्याले पक्षाचं नाव धड लिहिता येत नाही तो ग्यानबा! 'मले चालते' म्हने! असं म्हनतात का? अध्यक्षपदाले कोनी 'चालते' म्हनते का, चहा घेता का म्हटल्यावर म्हनते तसं? पन केशरबाईले इतका आनंद झाला! 'पाहा,' म्हने, 'एक तरी मानूस मनानं तयार झाला.' अन् हात वर केला. एक विरुद्ध शून्य. दौलतसिंगजीनं सही ठोकली, अन् चार एकवीसले एस.टी. स्टँडकडं पयाले. भजे आले. अध्यक्षायले पहिली प्लेट देल्ली. ग्यानबाले!

घरी गेलो. विमल तांदूळ निवडून राह्यली होती. म्या म्हटलं, 'विमल, राजीनामा देल्ला.' तिनं वर बी नाही पाह्यलं, म्हने, 'बरं, भजे खाऊन आले असान, भाकर अर्धीच टाकू का?' म्या म्हटलं, 'त्यायनं घेतला.' तवा तिचा हात थांबला. 'घेतला? म्हंजे खरंच? म्हंजे तुमी आता दिवसभर घरी राह्यनार?' अन् तुमाले सांगतो, तिच्या डोयात टचकन पानी आलं. राजीनामा नामंजूर व्हाले पाह्यजे होता, असं मनापासून वाटनारं मानूस साऱ्या तालुक्यात मले तेवढं एकच भेटलं.

आठ दिवस घरी बसलो. सकाळी टोपी घालाची, आंगनात जाचं, वापस याचं. तहसिलीत गेलो तं बाबूनं खुर्ची नाही वढली, उलट इचारलं, 'काय काम हाये बाबा?' बाबा! एस.टी.त कंडक्टर म्हने, 'सरका बाबा मांगं.' खोटं कशाले सांगू, लय लागलं मनाले. रडलो बी मी, वावरात जाऊन, तुरीच्या धांड्यात बसून. तिथं कोनी नव्हतं, म्हनून खरं रडता आलं.

मंग इचार केला, अध्यक्षपद गेलं तं गेलं, दुसरं एखादं पद घेऊ. गेलो ग्यानबापाशी. तो बाजेवर बसला होता, म्हने, 'या दादा, बसा.' म्या म्हटलं, 'ग्यानबा, उपाध्यक्ष कर मले.' त्यानं वही काढली. 'उपाध्यक्ष नऊ हायेत दादा, जागा नाही.' 'चिटनीस?' 'चिटनीस सहा, सहचिटनीस पाच.' 'संघटक तरी?' 'संघटक, प्रचारक, सल्लागार, सारं भरलं हाये. तुमीच तं भरलं, ज्याचा ज्याचा रुसवा निघे त्याले त्याले एक पद देल्लं.' खरं होतं त्याचं. एक ग्यानबा सोडला तं सतरा वर्सात म्या एक मानूस रिकामा ठेवला नव्हता.

अन् काल त्याची चिठ्ठी आली. दुसऱ्याकडून लिहून घेतली, खाली अंगठ्याएवढी सही, 'अध्यक्ष'. 'येत्या आइतवारी केशरबाईंचा सत्कार ठेवला आहे. पदाधिकारी अकरा वाजता येतील. कार्यकर्त्यांनी सतरंज्या टाकण्यास सकाळी नऊ वाजता हजर राहावे.' म्या दोन येळा वाचली. कार्यकर्त्यांनी! अरे, कोन्या कार्यकर्त्यायनं? पदाधिकारी मोजले तं चौतीस निघाले. बिनपदाचा मानूस साऱ्या तालुक्यात एकच, अन् तो घरी बसून चिठ्ठी वाचून राह्यला होता!

मंग काय, आज आइतवार, गेलतो न. पावनेनऊलेच गेलतो. सतरंजी अशी लांबलचक, म्या इकडचं टोक धरलं, झटकाले उभा राह्यलो, अन् आवाज देल्ला, 'अरे, तिकडून धरा कोनी!'... मंग आठवलं का तिकडून धराले कोनी नाही. हे टोक खाली ठेवलं, अन् गेलो बाप्पा तिकडच्या टोकाले.